अण्णा म्हणाले, ‘खेळू की अजून’

दुकानाच्या गल्ल्यात, सुट्ट्या नाण्यांच्या वाटीखाली, एक घडी घातलेला गुलाबी कागद ठेवलाय. बुद्धिबळाच्या डावाच्या स्कोअरशीटची, म्हणजे चाली लिहायच्या कागदाची, कार्बन प्रत. वरचा पांढरा कागद पंच घेऊन जातात, खालचा आपल्याला मिळतो. त्यावर ७८ चाली आहेत. शेवटच्या वीसेक चालींचं अक्षर वाचवत नाही. ४१ व्या चालीपुढे मात्र कंसात एक बरोबरचं चिन्ह ठसठशीत उमटलंय. बरोबरी मागितली गेली की दोन्ही खेळाडूंनी आपापल्या कागदावर ही खूण करायची असते.

ती बरोबरी मी मागितली होती. समोर अण्णा होते. त्यांनी दिली नाही. आणि पुढं ३७ चालींनी, ७८ व्या चालीला, डाव बरोबरीतच सुटला.

हे सांगितलं की ऐकणारा हमखास म्हणतो, “मग तेव्हाच दिली असती तर काय बिघडलं असतं? दोघांचे दोन तास वाचले असते.” घरात हेच, दुकानात येणाऱ्या औषध कंपनीच्या एमआरनं हेच विचारलं, आमच्या क्लबातल्या दोघांनी तर अण्णांना तोंडावर सुनावलं. मला मात्र त्या दिवसापासून वाटतंय की अण्णांचंच बरोबर होतं. म्हणून हे सगळं नीट लिहून काढतेय.

आधी आम्ही कोण ते सांगते. माझं जुळे सोलापुरात औषधाचं दुकान आहे. सकाळी साडेनऊ ते रात्री दहा. अण्णा पूर्व भागातले. घरात तेलुगू, बाहेर मराठी, दोन्ही सारख्याच वेगानं बोलतात. टॉवेलच्या कारखान्यात ३८ वर्षं यंत्रमागावर काढली. मागांच्या खडखडाटात डावा कान अधू झाला, त्यामुळं त्यांच्याशी उजव्या बाजूनं बोलावं लागतं. वय ६७. विचार करताना अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत राहतात, सुताचा पीळ तपासावा तसं. हाताची ती सवय आता जायची नाही.

एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर रविवारी संध्याकाळी आम्ही आठ-दहा जण जमतो. एक एसटीचे कंडक्टर, एक निवृत्त तलाठी, इंजिनिअरिंगची दोन पोरं, अण्णा, मी. पाच रेक्झिनचे पट, तीन घड्याळं, त्यातलं एक मागं पडणारं. अण्णांबरोबर मी तिथं किती डाव खेळले असेन याची मोजदाद नाही. पण रविवारचा डाव वेगळा. तिथं चाल परत घेतो, मधेच कुणीतरी बोलतं, चहा आला की पटावरचं लक्ष उडतं. स्पर्धेत आम्ही समोरासमोर कधीच आलो नव्हतो.

जानेवारीतली गोष्ट. संक्रांत होऊन गेली होती, पण होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, अजून भरलेला होता. पाळणे, खेळण्यांची दुकानं, भाग्यश्री भेळ म्हणून लिहिलेली गाडी, सगळं जिथल्या तिथं. पूर्व भागातल्या एका मंगल कार्यालयात रेटिंग स्पर्धा होती, चार दिवसांची. सव्वाशेच्या आसपास खेळाडू आणि त्यात चाळिशी ओलांडलेले मोजून पंधरा. बाकी सगळी पोरं. आठ-नऊ वर्षांची, खुर्चीवर गुडघे टेकून बसलेली. बाहेर मांडवात त्यांच्या आया डबे घेऊन बसलेल्या.

शनिवारी पाचव्या फेरीची यादी भिंतीवर लागली. दोघांचेही दोन-दोन गुण झाले होते आणि जोडी लागली ती आमचीच. अण्णांना पांढरी, मला काळी. कंडक्टरसाहेब यादीशीच उभे होते. म्हणाले, “घरचाच डाव की! दहा चाली करा, बरोबरी घ्या आणि चला गड्ड्यावर.” अण्णांनी ऐकलं की नाही कळलं नाही. ते खिशातून पेन काढून टोपण उघडून बघत होते.

सव्वातीनला घड्याळं सुरू झाली. प्रत्येकाला ९० मिनिटं आणि दर चालीला ३० सेकंद वाढीव.

काळ्यानं मी कॅरो-कान नावाची सुरुवात खेळते, हे अण्णांना माहीत. त्यांनी डी ५ वर (उभ्या रांगेचं अक्षर आणि आडव्या ओळीचा आकडा, असं घर सांगतात) मारामारी करून साधा, मोकळा पट घेतला. मग उंट डी ३ वर, दुसरा एफ ४ वर. मी माझा पांढऱ्या घरांचा उंट जी ४, एच ५, जी ६ असा फिरवून त्यांच्या चांगल्या उंटाशी बदलून टाकला. काळ्या घरांचे उंटही डी ६ वर बदलले गेले. अठराव्या चालीपर्यंत मला काळ्यानं हवं तसं सगळं मिळालं होतं. माझा घोडा ए ५ वर होता आणि सी ४ चं घर मला खुणावत होतं. तिथं घोडा बसला की मागं डी ५ च्या प्याद्याचा जोर, आणि समोर बी २ वर नजर.

अण्णांनी वजीर बी ४ वर आणला. मी घोडा सी ४ वर टाकला.

टाकला आणि घड्याळ दाबलं, आणि हात मागं घेता घेता दिसलं. माझ्या बी ७ च्या प्याद्याला जोर होता तो त्याच घोड्याचा. ए ५ वरून उठला आणि प्यादं उघडं पडलं. चाल करण्याआधी हे मला दिसलं नव्हतं असंही नाही. वजिरानं बी ७ मारलं तर मी घोड्यानं बी २ मारीन, हिशोब सरळ, असं मी मनात धरलं होतं. पण वजीर बी ७ वर गेला तरी उभी रांग तीच राहते. तिथूनही तो मागं, थेट खाली बी २ पर्यंत जोर देतो. मधे एकही मोहरं नाही. वजीर पुढं जातो तेव्हा आपण फक्त त्याच्या समोरची घरं बघतो, पाठीमागची बघत नाही. मी बघितली नाहीत.

अण्णांनी लगेच मारलं नाही. चार मिनिटं बसले. अंगठा आणि बोट चालू. मला वाटतं ते माझा सापळा शोधत होते, कारण मी असं फुकट प्यादं देईन यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. मग त्यांनी मारलं. मी हत्ती बी ८ वर आणला, त्यांनी वजिरानं ए ७ उचललं, मला बदल्यात बी २ मिळालं. एकूण एक प्यादं कमी.

पुढच्या वीस चाली मी इथं सांगत नाही. वजीर बदलले, घोडे बदलले, एकेक हत्ती बदलला. मधली प्यादी एकमेकांत कापली गेली. चाळीस चालींच्या सुमाराला पटावर राहिलं ते एवढंच: त्यांचा राजा, हत्ती, आणि एफ, जी, एच ही तीन प्यादी. माझा राजा, हत्ती, आणि जी, एच ही दोन. सगळी एकाच बाजूला.

हत्तीच्या अशा अखेरीत, प्यादी एकाच बाजूला असतील तर तीन विरुद्ध दोन साधारण बरोबरीत सुटतात, हे मी वाचलेलं होतं. त्या वाचनाच्या बळावर मी ४१ वी चाल केली आणि म्हटलं, “अण्णा, बरोबरी?”

त्यांच्या कानामुळं मला ते जरा मोठ्यानं म्हणावं लागलं. शेजारच्या दोन्ही पटांवरची पोरं मान वर करून बघायला लागली. अण्णांनी पटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. “खेळू की अजून,” म्हणाले. एवढंच. आवाजात राग नव्हता, कमीपणा दाखवणं नव्हतं. कागदावर खूण केली आणि विचारात बुडाले.

माझे कान तापले. प्यादं कमी असलेल्यानं बरोबरी मागायची नसते, ज्याचं पारडं जड त्यानं विचारायचं, हा पटावरचा जुना रिवाज. तो मला ठाऊक होता. तरी मी मागितली, कारण मनाच्या तळाशी कुठंतरी ते सकाळचं वाक्य होतं, घरचाच डाव. मी अण्णांकडून ओळखीची सवलत मागत होते. हे तेव्हा मला कळलं नव्हतं. घरी येऊन, रात्री भांडी विसळताना कळलं.

एच प्यादी गेली. मग जी प्यादी गेली. ६१ व्या चालीला अण्णांचं एकुलतं एफ प्यादं उरलं आणि माझं काहीच नाही. हॉल निम्मा रिकामा झाला होता. खिडकीतून शेजारच्या गल्लीतल्या मागांचा आवाज येत होता, एका लयीत, खटखट खटखट. आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा आमच्या टेबलाशी येऊन दोस्ताला हळूच म्हणाला, “का बे, यांचं अजून चालूच हाय?” पंचांनी त्याला खुणेनं बाहेर काढलं.

इथून पुढचं मला सावकाश सांगायचंय.

फिलिडोर नावाचा एक फ्रेंच संगीतकार अठराव्या शतकात होऊन गेला. संगीतापेक्षा बुद्धिबळानं त्याचं नाव जास्त टिकलं. हत्ती आणि एक प्यादं विरुद्ध नुसता हत्ती या अखेरीतला बचाव त्याच्या नावानं ओळखला जातो. राजानं प्याद्याच्या वाटेत, शेवटच्या घरावर बसायचं. माझा एफ ८ वर होता. आणि हत्ती आपल्या बाजूनं तिसऱ्या आडव्या ओळीत ठेवायचा, म्हणजे लिहिताना सहावी. माझा बी ६ वर होता. तो त्या ओळीत आहे तोवर समोरचा राजा ती ओळ ओलांडू शकत नाही. आपण फक्त हत्ती त्याच ओळीत इकडं-तिकडं सरकवायचा आणि थांबायचं.

थांबायचं, हेच अवघड. दुपारी दोन ते चार दुकानात गिऱ्हाईक नसतं तेव्हा काउंटरवर छोटा पट मांडून ही अखेर मी कितीतरी वेळा एकटी खेळले होते. तिथं दोन्ही बाजूंनी मीच. इथं समोर एक माणूस होता. तो दर चालीला काहीतरी नवं विचारत होता, आणि माझ्याकडं दर वेळी अर्ध्या मिनिटाहून फार जास्त वेळ नव्हता. अण्णांनी हत्ती ए ७ वर नेऊन माझ्या राजाला शेवटच्या ओळीत कोंडला. राजा जी ५ वर आणला. प्यादं एफ ५ वर. मग नुसते हत्तीच्या चाली करत राहिले. ए ७, सी ७, डी ७, परत ए ७. मी बी ६, ए ६, बी ६. ई ६ वर चुकूनही नाही, तिथं प्यादं हत्ती खाईल. जी ६ वरही नाही, तिथं राजा खाईल. कंटाळून, घाबरून, किंवा काहीतरी करून दाखवावं म्हणून मी हत्ती त्या ओळीतून काढावा, याची ते वाट बघत होते. प्यादं पाचव्या ओळीत असताना मी शह द्यायला मागं धावले तर त्यांचा राजा सहाव्या ओळीत शिरणार, आणि मागून शह दिला की त्यांचंच प्यादं त्याला आडोसा देणार. मग डाव एकदम अवघड.

दहा चाली अशा गेल्या. माझ्या डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या. पेन घामानं निसटत होतं, जानेवारीत. एकदा माझा हात हत्तीकडं गेला आणि तो मी बी १ वर न्यायचा असं खरंच ठरवलं होतं. का, ते आजही सांगता येत नाही. सहन होत नव्हतं एवढंच. हात हवेत थांबवला, मांडीवर घेतला, दुसऱ्या हातानं धरून ठेवला. मग सी ६.

७२ व्या चालीला अण्णांनी प्यादं एफ ६ वर ढकललं.

आता थांबायचं नव्हतं. पुढच्या चालीला राजा जी ६ वर येणार आणि त्याच्या पुढच्या चालीला हत्ती ए ८ वर, मात. पण प्यादं सहाव्या ओळीत आलं की राजाचा आडोसा संपतो, तो उघड्यावर येतो. मी हत्ती सरळ खाली, बी १ वर नेला. राजा जी ६. मी जी १ वरून शह. राजा एफ ५. एफ १ वरून शह. राजा ई ६. ई १ वरून शह. राजा डी ६. डी १ वरून शह. राजा ई ५, पुन्हा ई १. दूर टोकाला असलेल्या हत्तीला तो गाठू शकत नव्हता आणि लपायला कुठं जागा नव्हती.

७८ व्या चालीला अण्णांनी राजा एफ ५ वर ठेवला. चार चालींपूर्वीही तो याच घरावर येऊन गेला होता. बोट राजावरून काढलं आणि म्हणाले, “बरोबरी, ताई.” मग घड्याळ दाबलं, हात पुढं केला. सात वाजून वीस मिनिटं झाली होती. त्यांच्याकडं अकरा मिनिटं उरलेली, माझ्याकडं दोन.

मी हात हातात घेतला आणि मला रडू आलं. आनंदाचं नव्हतं, दुःखाचं तर नव्हतंच. कशाचं होतं ते अजून नाव देता आलेलं नाही.

बाहेर मांडवात कंडक्टरसाहेब थांबले होते. गड्डा हुकल्याचा राग होता. म्हणाले, “अण्णा, शेवटी अर्धाच गुण ना? चाळीसाव्या चालीलाही अर्धाच होता.” त्यावर अण्णा जे बोलले ते मी जसंच्या तसं लिहिते. “पुस्तकात बरोबरी असंल साहेब. पटावर कुठं झाली होती? ताईंना येतंय का नाही ते मला काय ठाऊक, त्यांना तरी कुठं ठाऊक होतं.” आणि मग गुकेशचं काढलं. नातवाच्या मोबाइलवर तो सामना त्यांनी बघितला होता. सिंगापूर, १२ डिसेंबर २०२४, जगज्जेतेपदाचा चौदावा, शेवटचा डाव. दोघांचे गुण साडेसहा-साडेसहा. अखेरीत हत्ती आणि उंट, गुकेशची तीन प्यादी, डिंग लिरेनची दोन. बरोबरी होणार असं बघणारे सगळे धरून चालले होते. गुकेश खेळत राहिला. ५५ व्या चालीला डिंगनं हत्ती एफ २ वर ठेवला, सगळी मोठी मोहरी बदलली जाऊन उरलेली अखेर गुकेशची झाली आणि अठरा वर्षांचा पोरगा जगज्जेता झाला. “त्यानं म्हटलं असतं, जाऊ द्या, बरोबरीच आहे, तर?” अण्णांनी विचारलं. कंडक्टरसाहेब गप्प बसले.

आमच्या क्लबातल्या दोघांचं म्हणणं वेगळं होतं. एकाच क्लबातल्या माणसाला, त्यातून बाईमाणसाला, चार तास बसवून ठेवणं बरं दिसत नाही. मी त्यांना तिथंच सांगितलं, की बाई म्हणून, ओळखीची म्हणून अण्णांनी ४१ व्या चालीला हात पुढं केला असता तर तो मला लागला असता. आज नाही, पण कधीतरी नक्की लागला असता. त्यांनी मला १२०० मैलांवरून आलेल्या कुणा अनोळखी खेळाडूसारखं खेळवलं. मी यापेक्षा मोठा मान अजून पटावर अनुभवला नाही.

रेटिंगचंही लिहिते, कारण पोरं तेवढंच विचारतात. माझं रेटिंग १५३८, अण्णांचं १७४२. माझं आधी १२३० होतं. मार्च २०२४ मध्ये फिडेनं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघानं, खालची रेटिंगं वर उचलली, २००० ला जितके कमी त्याच्या ४० टक्के मिळवले, त्यात ते १५३८ झालं. दोनशेच्या वर फरक असलेल्याशी बरोबरी केली म्हणून या एका डावाचे मला ५.२ मिळाले. अण्णांचे तेवढेच गेले. प्यादं वर असताना, अकरा मिनिटं हातात असताना, स्वतःचे ५.२ गुण जाणार हे माहीत असताना ते सरळ म्हणाले, बरोबरी, ताई. खरं तर अजून वीस चाली मला छळता आलं असतं. तशी माणसंही मी बघितली आहेत, घड्याळाच्या आशेवर राजा फिरवत बसणारी. अण्णांनी पटावर जेवढं होतं तेवढं सगळं विचारून घेतलं आणि विचारायचं संपलं तिथं थांबले.

बाबांची आठवण त्या रात्री फार आली. गिरणी बंद पडली आणि त्यांच्या हातात अख्ख्या दुपारी आल्या, तेव्हा त्यांनी मला हा खेळ शिकवला. आधी देशी पद्धतीचा. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर, किल्लेकोट नाही, राजाला एकदाच घोड्याची उडी. त्या डावांना संपायला संध्याकाळ व्हायची आणि आई दिवा लावायला आली की पट तसाच उचलून फळीवर ठेवायचा, दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढं. मी सहावीत होते. बाबांनी मला कधी मुद्दाम जिंकू दिलं नाही.

पुढच्या रविवारी वाचनालयात गेले तर अण्णा आधीच येऊन बसले होते. पटावर पाचच मोहरी मांडलेली. पांढरा राजा जी ५, हत्ती ए ७, प्यादं एफ ५. काळा राजा एफ ८, हत्ती बी ६.

“बसा ताई,” म्हणाले. “आज तुम्ही पांढरी घ्या.”

मी उजव्या बाजूची खुर्ची ओढली. तास-सव्वा तास खेळलो. ए ७ वरून सी ७, डी ७, परत ए ७. अण्णांचा हत्ती त्या ओळीतून हलला नाही.